मांडव्याला राहताना कान-नाक-घसा तज्ज्ञ कसा शोधावा?

मुंबईच्या धकाधकीतून सुटका म्हणून मांडवा, सासवणे, आवास, किहीम या किनाऱ्यावर घर घेणारे मुंबईकर आता पुष्कळ आहेत. काहींचे घर शनिवार-रविवारपुरते उघडते, तर काहींचे आईवडील निवृत्तीनंतर तेथेच स्थायिक झाले आहेत. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने पाऊण ते एक तासाच्या अंतरावर असलेल्या मांडव्याच्या धक्क्यावरून, हवा स्वच्छ असली की, मुंबईच्या उंच इमारती स्पष्ट दिसतात. त्यामुळे मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, असे वाटत राहते. मात्र रात्रीच्या जेवणात माशाचा काटा घशात अडकला किंवा नातवाने घड्याळाचा सेल नाकात घातला, की दिसणारी मुंबई आणि पोहोचता येणारी मुंबई यांतील फरक ध्यानात येतो.

कान, नाक आणि घसा यांचे विकार सहसा जिवावर बेतत नाहीत. म्हणूनच या विकारांचा डॉक्टर कोण, याचा विचार दुखणे सुरू होईपर्यंत कोणी करीत नाही. शहरात हे खपून जाते, कारण तेथे कोणत्याही मोठ्या रस्त्यावर तशी पाटी सापडते. किनाऱ्यावर तसे नाही. येथे तज्ज्ञ शोधणे म्हणजे केवळ एक नाव मिळवणे नव्हे. कोणत्या तक्रारीसाठी कोठे जायचे, कोणत्या मार्गाने जायचे आणि किती तासांत पोहोचायचे, हे दुखणे येण्यापूर्वीच ठरवून ठेवणे, हा त्या शोधाचा खरा अर्थ आहे.

तीन पायऱ्या

मांडव्यातील रुग्णापुढे साधारणपणे तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे गावातील किंवा शेजारच्या गावातील सर्वसाधारण डॉक्टर अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र. साधे पडसे, घसा बसणे, कानातील मळ, नुकताच सुरू झालेला कानदुखीचा त्रास यांसाठी ही पायरी पुरेशी असते. येथील डॉक्टरांची आणखी एक मोठी मदत होते. तालुक्याच्या गावी कोणते तज्ज्ञ बसतात, कोणते आठवड्यातील ठरावीक वारीच येतात आणि तातडीच्या वेळी कोण फोन उचलतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाने किरकोळ कारणाने का होईना, या डॉक्टरांची ओळख करून घ्यावी.

दुसरी पायरी अलिबाग. मांडव्यापासून चोंढीमार्गे सुमारे वीस किलोमीटरवर असलेले हे रायगड जिल्ह्याचे मुख्यालय आहे. येथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कान-नाक-घसा हा स्वतंत्र विषय असल्याने अशा महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात या विषयाचा विभाग असावा लागतो. बाह्यरुग्ण विभागाचे दिवस व वेळ आधी चौकशी करून लिहून ठेवावी. खासगी तज्ज्ञांच्या बाबतीतही तेच. ‘डॉक्टर बसतात’ एवढे ऐकून निघू नये. आज बसतात का, कितीपर्यंत बसतात आणि त्यांच्याकडे दुर्बीण व श्रवणचाचणीची सोय आहे का, हे विचारूनच घर सोडावे.

तिसरी पायरी म्हणजे मुंबई किंवा नवी मुंबई. मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची आणि भायखळ्याचे जे. जे. हे शासनाचे रुग्णालय, या चारही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहेत. रस्त्याने जाणाऱ्यांना कामोठे येथील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वाटेवरच पडते. सरकारी व महापालिका रुग्णालयांत केसपेपर सकाळीच काढावा लागतो. त्यामुळे अशा भेटीसाठी पहिल्या फेरीने निघणे किंवा आदल्या रात्री शहरात मुक्काम करणे, हेच दोन पर्याय उरतात.

समुद्राचे वेळापत्रक

गेटवे ते मांडवा ही लाँच व कॅटामरान सेवा पावसाळ्यात, म्हणजे साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. या बोटीवर मोटार चढवता येत असल्याने वृद्ध किंवा चक्कर येणाऱ्या रुग्णाला चढ-उतार करावी लागत नाही. भाऊच्या धक्क्यापासून जे. जे. रुग्णालयही फार दूर नाही. मात्र ही सेवादेखील हवामानावर अवलंबून असते आणि रात्रभर चालत नाही.

शेवटची बोट गेल्यानंतर उरतो तो रस्ता. अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल या मार्गाने मुंबई सुमारे शंभर किलोमीटर पडते आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतचे अंतर त्यात वेगळे मिळवावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाल्याने शेवटचा टप्पा आखूड झाला, तरी वडखळपर्यंतचा रस्ता आणि सुटीच्या दिवसांतील गर्दी तीच आहे. रविवारी सायंकाळी मुंबईकडे परतणाऱ्या वाहनांच्या रांगेत रुग्णाला घेऊन अडकण्यापेक्षा आधी अलिबागला दाखवून घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

थांबता येईल ते आणि थांबता येणार नाही ते

तज्ज्ञाच्या शोधात सर्वांत उपयोगी पडते ती तक्रारींची विभागणी. श्वास घेताना आवाज येणे, लाळही गिळता न येणे, घशाला झपाट्याने सूज येणे, उलटीतून रक्त पडणे ही लक्षणे असतील, तर तज्ज्ञ शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा असेल त्या वाहनाने जवळचे, प्राणवायू व आपत्कालीन उपचारांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू असून ती विनामूल्य आहे. अशा वेळी बोटीची वाट पाहणे धोक्याचे असते.

दुसरा गट काही तासांचा. घड्याळात, रिमोटमध्ये किंवा खेळण्यात असणारा चपटा, गोल सेल मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत तेथील आवरणाला गंभीर इजा करू शकतो. नाकात किंवा कानात गेलेला सेलही आतल्या ओलाव्यामुळे काही तासांत पडदा व कूर्चा जाळतो. अशा वेळी कोणतेही थेंब घालू नयेत, चिमट्याने उकरू नये, तडक रुग्णालयात जावे. याउलट नाकात गेलेला मणी किंवा कानात गेलेला वाटाणा इतका घातक नसतो. मात्र कडधान्य पाण्याने फुगते, म्हणून कानात पाणी घालून ते काढण्याचा प्रयत्न करू नये.

तिसरा गट एक-दोन दिवसांचा, आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच गटाकडे. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर बहुतेक जण ‘दडा बसला असेल’ म्हणून आठवडाभर थांबतात. कानात मळ नसेल तर ही आंतरकर्णातील नसेची तक्रार असू शकते आणि तिच्यावरील औषधांचा उपयोग जितक्या लवकर ती सुरू होतील तितका अधिक होतो. पहिले दोन आठवडे उलटल्यावर गेलेले ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता बरीच घटते. म्हणून असा रुग्ण ‘या शनिवारी मुंबईला जाऊ’ या हिशेबात बसवू नये. त्याला दुसऱ्याच दिवशी श्रवणचाचणीची सोय असलेल्या तज्ज्ञाकडे न्यावे.

अनियंत्रित मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या नाकातून काळसर खपल्या येणे, चेहऱ्याची एक बाजू सुजणे किंवा बधिर होणे, एकाची दोन दिसणे ही लक्षणेही याच गटातील, किंबहुना त्याहून तातडीची आहेत. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या रूपाने त्याचा कटू अनुभव घेतला आहे.

चौथा गट आठवड्यांचा. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला घोगरा आवाज, तोंडातील न भरणारा व्रण, मानेतील गाठ, एकाच नाकपुडीतून वारंवार येणारे रक्त, यांपैकी काहीही असल्यास दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. कर्करोगाची शंका आल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहेच. त्याच संस्थेचे खारघर येथील केंद्र रायगडच्या रुग्णांना रस्त्याने अधिक जवळ पडते.

किनाऱ्यावरच्या नेहमीच्या तक्रारी

माशाचा काटा ही या भागातील अगदी घरगुती आपत्ती. पाला, भिंग यांसारख्या काटेरी माशांचा काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. तेथे असल्यास तज्ज्ञ तो दवाखान्यातच, काही मिनिटांत काढू शकतात. सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळून काटा खाली ढकलण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण त्यामुळे काटा अधिक खोल रुतण्याची किंवा अन्ननलिकेत जाण्याची भीती असते. मग भूल देऊन दुर्बिणीने काढण्याची वेळ येते आणि त्यासाठी मोठे रुग्णालय लागते. गिळताना एकाच जागी टोचत असेल, तर खाणे थांबवावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

दमट हवा, पोहण्याचे तलाव आणि समुद्रस्नान यांमुळे कानात बुरशी धरणे हेही येथे वारंवार घडते. कानाला खाज सुटते, दडे बसतात, कधी कान वाहतो. कानकोरणे किंवा कापसाची काडी घालून खाज शमवली की त्वचेला ओरखडे पडतात आणि बुरशीला आयतेच घर मिळते. उपचार साधा आहे. तज्ज्ञाने कान स्वच्छ करून द्यायचा, थेंब घालायचे आणि काही आठवडे कान कोरडा ठेवायचा. कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनी तेल मुळीच घालू नये. तलावात उतरण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यात दिव्याभोवतीचे किडे कानात शिरतात. पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर खोबरेल तेलाचे कोमट थेंब घालून किडा निपचित करावा आणि मग तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. घोळणा फुटल्यास डोके मागे टाकून झोपवण्याची सवय चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरते. रुग्णाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सलग चिमटीत धरावा. त्यानंतरही रक्त थांबले नाही किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर अलिबाग गाठावे.

यांत्रिक होड्यांवर वर्षानुवर्षे इंजिनाशेजारी काम करणाऱ्या कोळी बांधवांची श्रवणशक्ती हळूहळू कमी होते. ती औषधाने परत येत नाही. इंजिनाजवळ कानाचे संरक्षण आणि अधूनमधून श्रवणचाचणी हाच त्यावरचा उपाय आहे.

पाटीवरील अक्षरे

तज्ज्ञाची पात्रता ओळखणे अवघड नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमएस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा त्याच तोडीचा डीएनबी आणि दोन वर्षांची डीएलओ ही पदविका, या या शाखेतील ओळखीच्या पदव्या. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर डीओआरएल अशी अक्षरेही आढळतात. आयुर्वेदात शालाक्यतंत्र या नावाने कान, नाक, घसा व डोळे यांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम असून त्याची पदवीही ‘एमएस’ अशीच लिहिली जाते. दोन्ही पात्रता कायदेशीर आहेत. रुग्णाला मात्र आपण कोणत्या शास्त्राच्या डॉक्टरांकडे आलो आहोत, हे ठाऊक असले पाहिजे. पाटीवरचा नोंदणी क्रमांक पाहून महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचे नाव पडताळता येते.

श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, हे डॉक्टर नसतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. श्रवणचाचणी व श्रवणयंत्राची जुळणी हे त्यांचे काम. कान तपासल्याशिवाय आणि आलेख काढल्याशिवाय थेट दुकानातून श्रवणयंत्र घेऊ नये. कित्येकदा यंत्राऐवजी नुसता मळ काढण्याचीच गरज असते.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. आवाजाला प्रतिसाद न देणाऱ्या बाळाबद्दल ‘वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणून थांबणे महागात पडते, कारण भाषा शिकण्याची वर्षे निघून जातात. जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठी देशभर ओळखली जाते.

शस्त्रक्रिया ठरल्यास

टॉन्सिल, नाकाचा वाकडा पडदा, सायनस यांच्या बहुतेक शस्त्रक्रिया ठरवून करता येतात. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास वेळ असतो, आणि तसे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. मांडव्याच्या रहिवाशांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. टॉन्सिल काढल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रिया मुंबईत करून तिसऱ्याच दिवशी ‘विश्रांतीसाठी’ समुद्रापलीकडच्या घरी परतणे म्हणूनच योग्य नाही. पहिले दोन आठवडे रुग्णालयाच्या आवाक्यात काढावेत आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

खर्चाबाबत आधी स्पष्ट विचारावे. राज्यात २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास त्या ७२ तासांत देणे अपेक्षित असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या पूर्वीच्या रूपाचा पहिला टप्पा २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत रायगडही होता. या योजनेत कान-नाक-घशाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत सहभागी आहे का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे.

फोनवरचा सल्ला

मार्च २०२० मधील केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर फोनवरून वा दृक्-संवादातून वैद्यकीय सल्ला देणे रीतसर मान्य झाले आहे. जुना अहवाल दाखवणे, औषधाचे प्रमाण विचारणे, ‘आज निघू का उद्या’ याचा निर्णय घेणे यांसाठी ही सोय उत्तम. परंतु कानाचा पडदा किंवा स्वरयंत्र मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसत नाही. दुर्बिणीने पाहिल्याशिवाय दिलेले कानाचे थेंब पडद्याला छिद्र असल्यास अपायकारक ठरू शकतात.

शेवटी काम उरते ते एका कागदाचे. गावातील डॉक्टर, अलिबागचे तज्ज्ञ व त्यांचे वार, मुंबईतील ओळखीचा दवाखाना, शेवटच्या बोटीची त्या हंगामातील वेळ, रात्री येणारा गाडीवाला, घरातील प्रत्येकाची चालू औषधे व ॲलर्जी एवढे त्यावर लिहावे आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवावा. वृद्ध आईवडील एकटे राहत असतील, तर त्याची एक प्रत शेजाऱ्यांकडेही असावी. ही माहिती शांतपणे जमवायला एक दुपार पुरते. काटा अडकल्यानंतर मात्र ती जमवायला वेळ मिळत नाही.